निक ड्रेक : कौतुक गाण्याचं की अकाली जाण्याचं?

मध्यसप्तक
माझं इंग्रजी गाण्यांचं शिक्षण म्हणजे होस्टेलच्या शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून जे ऐकू आलं तेवढंच. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या महिन्यात भाच्याने 'पिंक मून' हा अल्बम पाठवला. गायक-गीतकार-गिटारवादक निक ड्रेक, इंग्लंडचा. एक माणूस, एक गिटार, आणि २८ मिनिटांत सगळं संपतं. त्या रात्री चार वेळा ऐकला. दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल वाचायला बसलो आणि तिथे माझी गाडी अडली.

१९६९ ते १९७२ या काळात त्याचे तीन अल्बम आले: 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट', 'ब्रायटर लेटर' आणि हा. त्या वेळी एकाचाही खप पाच हजारांवर गेला नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तो गेला. आणि २००३ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत-मासिकाने सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी केली, तर त्यात हे तिन्ही! आयुष्यात तीन काढले, तिन्ही यादीत.

मी जेवढी परीक्षणं वाचली त्यातल्या बहुतेकांत पहिल्या दोन परिच्छेदांत 'एकाकी', 'नाजूक', 'शापित' हे शब्द आहेत. गिटारबद्दल एखादं वाक्य. म्हणून प्रश्न पडला, की हे कौतुक नक्की कशाचं चाललंय? तो सत्तर वर्षं जगला असता, पोट सुटलं असतं, तर समीक्षकांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं असतं का?

रानजाई
रुमाल टाकून ठेवतेय. रात्री सविस्तर लिहिते.

फुकट_समीक्षक
नसतं घेतलं. संपला धागा. 😀

गंमत बाजूला. तरुण मेलेला कवी हा समीक्षकांचा आवडता खाऊ आहे. तो मुलाखतीत काही वेडंवाकडं बोलत नाही, म्हातारपणी भिकार अल्बम काढत नाही, परीक्षण वाईट लिहिलं म्हणून फोन करत नाही. मी 'पिंक मून' दोनदा लावलाय आणि दोन्ही वेळा झोप लागली.

सहावी_तार
@फुकट_समीक्षक, झोप लागली हीसुद्धा दादच समजा.

मी गेली वीस-बावीस वर्षं गिटार वाजवतो, शिकवतोही. मध्यसप्तक यांच्या मुद्द्यातला 'गिटारबद्दल एखादं वाक्य' हा भाग मला फार लागला, कारण खरा माल तिथे आहे.

नेहमीच्या गिटारला जाडीकडून बारीक तारेकडे ई-ए-डी-जी-बी-ई असं लावतात. 'पिंक मून' या गाण्याचं ट्यूनिंग आहे सी-जी-सी-एफ-सी-ई, वर दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी चिमटी). म्हणजे सहावी (सर्वात जाड) तार दोन पूर्ण स्वर खाली, पाचवी, चौथी आणि तिसरी एकेक स्वर खाली, दुसरी अर्धा स्वर वर, पहिली जागच्या जागी. आता सी म्हणजे सा धरा आणि पुन्हा वाचा: सा, प, सा, म, सा, ग. सहा तारांत तीन सा! गिटारच्या पोटात तंबोरा ठेवल्यासारखं आहे हे. म्हणून त्याच्या एकट्या गिटारमागे कुणीतरी आणखी वाजवतंय असं वाटत राहतं.

हे असं एकच ट्यूनिंग नाही. गाण्यागणिक बदलतो. आणि उजवा हात! अंगठा खर्जाच्या तारांवर स्वतःची वेगळी चाल चालतो, बोटं वर भलतंच काही विणतात, आणि गळा त्या दोघांच्याही जरा मागून येतो. तीन माणसांचं काम. तरी ऐकताना सोपं वाटतं. त्याचा निर्माता जो बॉइड यानेही हेच सांगितलंय, की वाजवणं इतकं स्वच्छ होतं की ते किती अवघड आहे हे लक्षात यायलाच वेळ लागला.

माझ्याकडचे विद्यार्थी आठवड्यात त्याची 'उदासी' आणतात. अंगठा आणायला दोन वर्षं लागतात. काहींना तोही येत नाही, मग ते कविता करतात.

कोरडी_भाकरी
शेवटच्या वाक्याला दंडवत.

अनुस्वार
सा प सा म सा ग... हे वाचून उठून पेटीवर वाजवून पाहिलं. मध्यमामुळे थोडं लटकल्यासारखं राहतं, गंधार त्याला सोडवतो. मस्त. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिरफळ
मीही लगेच मुलाची गिटार काढली. सहावी तार 'सी'ला लावायची म्हणून पिळत गेलो, पिळत गेलो आणि फाट्‌! खाली उतरवायची होती हे नंतर नीट वाचलं. मुलगा क्लासवरून यायच्या आत नवी तार कुठे मिळेल? रत्नागिरीत आहे.

सहावी_तार
😂 तार एकटी विकत नसतील तर अख्खा संच घ्या. आणि मुलाला सांगा, बाबा संगीताचा अभ्यास करत होते.

रानजाई
आले. रात्रीची जेवणं उरकली.

मला आधी एक गैरसमज काढायचाय. समीक्षकांनी त्याला जिवंतपणी झिडकारलं असं सगळीकडे लिहितात. तसं नव्हतं. पहिल्या अल्बमला 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने काव्यमय आणि वेधक म्हटलं होतं. तसल्याच 'एनएमई'ने वैविध्य कमी, म्हणून रंजक नाही असं लिहिलं. दुसऱ्या अल्बमवर 'मेलडी मेकर'चाच सूर बदलला, लोकसंगीत आणि कॉकटेल जॅझची अवघड भेळ झालीय असं त्यांना वाटलं. म्हणजे शिव्या नाहीत, डोक्यावर घेणंही नाही. आठवडाभराच्या रेकॉर्डींच्या ढिगाऱ्यातली एक रेकॉर्ड, चार ओळी, पुढचा.

आणि त्यात त्याचाही हात होता. मैफली करायचा नाही. ज्या थोड्या केल्या त्यांत प्रत्येक गाण्याआधी नवं ट्यूनिंग, लोक ताटकळलेले, हा मान खाली घालून ताराच पिळतोय. प्रेक्षकांशी एक शब्द नाही. १९७० च्या मध्यापासून जवळपास बंदच केलं. छापून आलेली मुलाखत एकच, १९७१ ची, 'साउंड्स' या संगीत-साप्ताहिकात. मोठेपणी गातानाची त्याची एकही चित्रफीत नाही. मग लोकांना कळणार कसं? आपल्याकडचा एखादा भावगीत गायक आकाशवाणीवर गेला नाही, गणेशोत्सवात बसला नाही, तर त्याला कोण विचारेल?

फुकट_समीक्षक
@सहावी_तार, तंत्र मान्य. पण तंत्राचं कौतुक करणारे समीक्षक किती? मध्यसप्तक तेच तर विचारतायत. १९७५ नंतर सगळ्या लेखांत माणूस आधी, तारा नंतर.

आणि त्याने स्वतःच सोय करून ठेवलीय. पहिल्या अल्बममधलं 'फ्रूट ट्री' ऐका. कीर्ती म्हणजे फळझाड, बुंधा जमिनीत गेल्याशिवाय बहरत नाही, अशा अर्थाचं गाणं. विशीत लिहिलंय! समीक्षकाला आणखी काय पाहिजे? मथळासुद्धा तयार. १९७९ मध्ये तिन्ही अल्बम एकत्र पेटीत निघाले तेव्हा त्या संचाला नावही हेच दिलं.

बोरूबहाद्दर
बालकवींची आठवण झाली. निसर्ग, औदासिन्य, २८ व्या वर्षी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली मृत्यू. तेच चित्र.

रानजाई
@बोरूबहाद्दर, असहमत. बालकवींना जिवंतपणी मान मिळाला होता. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात १७ वर्षांच्या पोराच्या कविता ऐकून 'बालकवी' ही पदवी दिली गेली. ठोंबरे आडनाव आज किती जणांना आठवतं? ड्रेकला असं संमेलन मिळालं नाही. आणि बालकवींच्या कवितेत ऊन किती आहे! दोघांनाही नुसतं 'उदास' म्हणून एका पिशवीत घालू नका.

बोरूबहाद्दर
मान्य. पिशवी परत घेतो. पण ऊन ड्रेककडेही आहे हो. 'पिंक मून'चं शेवटचं गाणं, 'फ्रॉम द मॉर्निंग', ऐका. पहाटेचं आहे. ज्या अल्बमला सगळे 'निराशेचा दस्तऐवज' म्हणतात तो संपतो सकाळी.

मिडलँडकर
मी कामानिमित्त बर्मिंगहॅमजवळ राहतो. त्याचं गाव, टॅनवर्थ-इन-आर्डन, इथून जवळ. दोन वर्षांपूर्वी रविवारी सहज गेलो होतो. गाव म्हणजे चर्च, एक पब, हिरवळ. चर्चच्या मागे उतरतं शेत, मोठं झाड आणि त्याच्याखाली त्याच्या थडग्याचा बसका दगड. त्यावर बोरूबहाद्दर म्हणतायत त्याच गाण्यातली एक ओळ कोरलीय, 'आता आम्ही उठतो आणि सगळीकडे असतो' अशा अर्थाची. दगडाशी गिटारच्या पिकांचा (तार छेडायच्या चकत्यांचा) सडा. एक जोडपं फोनवर गाणं लावून उभं होतं. मी आपला रूमालात बांधून नेलेला पराठा खात बाकावर.

बायकोने विचारलं, "हा कोण?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आईवडील इथेच का?" त्याच दगडावर त्यांचीही नावं आहेत. त्यानंतर आम्ही दोघं काही बोललो नाही.

मध्यसप्तक
@मिडलँडकर, धन्यवाद. आईवडिलांवरून आठवलं, जन्म रंगूनचा ना त्याचा?

मिडलँडकर
हो, जून १९४८. वडील रॉडनी इंजिनिअर, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सगळे इंग्लंडला परतले. मोठी बहीण गॅब्रिएल, पुढे अभिनेत्री झाली, तिचा जन्म तर लाहोरचा.

तिरफळ
थांबा थांबा! बॉम्बे बर्मा?? ही तीच ना, जिच्यामुळे आमच्याकडे ब्रह्मदेशचा थिबा राजा आला?

इथल्या बाकीच्यांसाठी: मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली ही कंपनी ब्रह्मदेशातलं सागवान तोडायची. १८८५ साली थिबाच्या दरबाराने ठपका ठेवला की जेवढे ओंडके नेता तेवढे दाखवत नाही, आणि जबर दंड लावला. इंग्रजांना तेवढंच निमित्त पाहिजे होतं. नोव्हेंबरात युद्ध, महिना संपायच्या आत मंडाले पडलं, राजाला आधी मद्रासला आणि मग थेट रत्नागिरीला आणून ठेवला. तीस वर्षं इथे काढून १९१६ मध्ये इथेच वारला. आमच्या शाळेची सहल दर वर्षी थिबा पॅलेस, कारण बसभाडं लागत नसे.

म्हणजे ज्या कंपनीपायी तो राजा आमच्या गावात समुद्राकडे बघत म्हातारा झाला, त्याच कंपनीच्या पगारावर हा पोरगा वाढला. मला आता गाणं ऐकणं भाग आहे. तार आणली, बाय द वे. संच घ्यावा लागला.

कोरडी_भाकरी
सागवान → थिबा → गिटार. या संस्थळावर कुठलाही धागा तिसऱ्या पानावर कोकणात पोचतो.

तिरफळ
पोचायलाच हवा. आंबे तिथेच आहेत.

अनुस्वार
अवांतर थोडं आणखी. आईबद्दल कुणीच लिहिलं नाही. मॉली ड्रेक. युद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर ती आणि तिची बहीण दिल्लीत आल्या, आणि 'लॉइड सिस्टर्स' या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गायच्या! पुढे इंग्लंडमध्ये घरी पियानोवर स्वतःची गाणी म्हणायची. नवऱ्याने ती घरच्या टेपवर धरून ठेवली. तिच्या हयातीत कुठेही प्रसिद्ध नाहीत, अनेक दशकांनी अल्बम निघाला. एकदा ऐका. सूर कुठे वळवायचा, वाक्य कुठे अर्धवट सोडायचं, हे मुलाने कुठून उचललं ते लगेच कळतं.

आमच्या आजोबांनीही आजीच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. मागे कुकरची शिट्टी आणि आजोबांचं "जरा मोठ्याने म्हण" ऐकू येतं. आजी त्यावर "तुम्हीच म्हणा" म्हणते, तेही आहे. कॅसेट माझ्याकडे आहे, वाजवायला यंत्र नाही.

रानजाई
@अनुस्वार, पुण्यात डिजिटल करून देणारे आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. बुरशी धरायच्या आत करा.

फुकट_समीक्षक
कुकरच्या शिट्टीसकट ठेवा, नाहीतर समीक्षक 'अतिसंस्कारित' म्हणतील.

मुद्द्यावर येतो. त्याला मोठं केलं ते समीक्षकांनीही नाही, गाडीच्या जाहिरातीने. फोक्सवॅगनने १९९९ च्या सुमारास छप्पर उघडी गाडी रात्रीच्या रस्त्यावर पळवली, मागे 'पिंक मून' वाजवलं, आणि अमेरिकेत अल्बम धडाधड खपला. तीस वर्षांत परीक्षणांनी जे केलं नाही ते एका मिनिटाने केलं.

सहावी_तार
अर्धं बरोबर. जाहिरातवाल्यांच्या हाती ते गाणं पोचलं कसं, हा प्रश्न राहतोच. रेकॉर्ड बाजारात असायला हवी ना. जो बॉइडने १९७१ च्या आसपास आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकली आणि अमेरिकेला गेला, तेव्हा त्याने घातलेली अट प्रसिद्ध आहे: निक ड्रेकचे अल्बम कॅटलॉगमधून कधीही काढायचे नाहीत. खपोत न खपोत. माझ्या मते पन्नास परीक्षणांहून ही एक अट मोठी. कौतुक याला म्हणतात.

शिवाय मधल्या काळात वादकांनी त्याला जिवंत ठेवला. १९८५ चं ड्रीम अकॅडमीचं 'लाइफ इन अ नॉर्दर्न टाउन' त्याला अर्पण केलेलं. जॅझ पियानिस्ट ब्रॅड मेल्डाऊ त्याचं 'रिव्हर मॅन' वाजवतो. वादक माणूस कुणाच्या चरित्रासाठी गाणं वाजवत नाही. हाताला काहीतरी सापडतं म्हणून वाजवतो.

अनुस्वार
'रिव्हर मॅन'! त्याबद्दल लिहायचंच होतं. पाच मात्रांचं आहे. मी तबलजी भावाला ऐकवलं. त्याने आधी मांडीवर झपताल धरला, दोन-तीन, दोन-तीन. बसतो. पण म्हणाला, "हा गडी समेवर येतच नाही, समेच्या शेजारून जातो." दहा मिनिटं तेच ऐकत बसला. तोपर्यंत त्याला गायक जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं.

मध्यसप्तक
@अनुस्वार, हे माझ्या प्रश्नाचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. तुमच्या भावाला काहीच सांगितलेलं नव्हतं.

सहावी_तार
त्या गाण्याची आणखी एक गोष्ट. बाकीच्या गाण्यांचं व्हायोलिन-चेलोचं लेखन रॉबर्ट कर्बी या त्याच्या केंब्रिजच्या मित्राने केलं. तोही विशीतला विद्यार्थीच. 'रिव्हर मॅन'ला मात्र कर्बीने हात वर केले, आणि हॅरी रॉबिन्सन या अनुभवी माणसाला बोलावलं. तंतुवाद्यं ढगासारखी येतात, गिटारच्या पाच मात्रांना धक्का लावत नाहीत. आणि या गाण्याला ट्यूनिंग साधं, नेहमीचं! @तिरफळ, तुम्ही इथून सुरुवात करा, तार तुटणार नाही.

कोरडी_भाकरी
मला दुसरा अल्बम, 'ब्रायटर लेटर', सर्वात आवडतो असं इथे म्हटलं तर मारणार का? ड्रम, सॅक्सोफोन, बासरी, सगळा लवाजमा. 'नॉर्दर्न स्काय'मध्ये जॉन केलने जे केलंय ते ऐकून माणूस प्रेमात पडतो, समोर कुणी नसलं तरी.

फुकट_समीक्षक
मारत नाही, पण तुमच्याकडे बघून मान हलवतो.

बोरूबहाद्दर
'पिंक मून'ची टेप रिसेप्शनवर ठेवून एक शब्द न बोलता निघून गेला, ती गोष्ट कुणी सांगितली नाही अजून. अंगावर काटा येतो.

रानजाई
कारण ती दंतकथा आहे. टेप त्याने आयलंड रेकॉर्ड्सचा मालक ख्रिस ब्लॅकवेल याच्या हातात दिली. पण रिसेप्शनवाली गोष्ट जास्त रडवते म्हणून तीच फिरते. मध्यसप्तक जे म्हणतायत त्याचं हे नमुनेदार उदाहरण. खरी गोष्ट माझ्या मते अधिक भारी आहे: ऑक्टोबर १९७१, दोन रात्री, स्टुडिओत तो आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड, तिसरं कुणी नाही. शीर्षकगीतावर नंतर चढवलेला थोडासा पियानो, बस. एवढी अकरा गाणी दोन रात्रींत अशी स्वच्छ द्यायची तर घरी रियाज किती झाला असेल! कोसळलेल्या माणसाचं काम असं नसतं. आजारी होता हे खरंच. त्या काळात त्याचं बोलणं, राहणं सगळं ढासळत होतं, घरच्यांनी फार सोसलं. पण गिटार हातात असेपर्यंत तो कारागीर होता.

आणि शेवटाबद्दल एवढंच: औषधाचा डोस जास्त झाला, चौकशीत आत्महत्या म्हटलं गेलं, जवळच्या अनेकांना ते कधीच पटलं नाही. त्यावर इथे काथ्याकूट नको, ही विनंती.

मध्यसप्तक
विनंती मान्य. धाग्यावर तो विषय नको.

माझं मत सांगायचं तर जरा बदललंय. समीक्षक चुकीच्या माणसाचं कौतुक करत नाहीयेत, चुकीच्या गोष्टीचं करतायत. कुणीतरी त्याच्यावर आपल्या भाषेत फक्त ताल आणि तारा यांवर लिहायला हवं. @सहावी_तार?

सहावी_तार
वेळ मिळाला की. (म्हणजे दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते विचारू नका.)

फुकट_समीक्षक
काल रात्री साडेअकराला 'रिव्हर मॅन' लावलं. हेडफोनवर, दिवा बंद करून, अनुस्वार यांच्या भावासारखी मांडीवर मात्रा मोजत. झोप लागली नाही.

याचा अर्थ मी हरलो असा कुणी काढू नये. 'पिंक मून'बद्दलचं मत तूर्त कायम आहे.

तिरफळ
नव्या संचातली पहिली तारही तुटली. ती तर हलवायचीच नव्हती म्हणे. मुलगा आता गिटार कपाटात कुलूप लावून ठेवतो.